शाळेसाठी हॅम रेडिओचं किट घ्यायचंय? आधी एक पॉकेट रेडिओ घेऊन वर्गात जा

२०२५च्या जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या परवानाधारी रेडिओवर, विद्यार्थ्यांशी बोलले आणि तेव्हापासून ओळखीच्या शिक्षकांचा एकच प्रश्न येतोय, आम्हालाही वर्गात हे करायचंय, कुठलं किट घेऊ? प्रश्नासोबत बहुतेक वेळा कुठल्यातरी शॉपिंग साइटची लिंक असते, एवढंसं हिरवं सर्किट, चार-पाचशे रुपये, आणि खाली लिहिलेलं की मुलांसाठी एकदम बेस्ट. माझं उत्तर ठरलेलं आहे, ती लिंक आत्ता बंद करा. किट सगळ्यात शेवटी घ्यायची गोष्ट आहे. डबल तास संपताना मुलांच्या कानात नक्की काय पडणार, हे आधी ठरवायचं, मग त्यावरून किट ठरतं. उलटं केलं की काय होतं ते मी स्वतः भोगलंय, पुढे सांगतो.

पहिलं ठरवा, ऐकायचंय की बोलायचंय

हे सगळ्यात आधी, कारण इथे कायदा येतो. आपल्याकडे हॅम म्हणून हवेत सिग्नल सोडायचा तर परवाना लागतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा तो देते, परीक्षा असते, अर्ज सरल संचार पोर्टलवरून करायचा, वय किमान १२ पूर्ण. परवाने दोन प्रकारचे, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलला मोर्स कोड (टिंब-रेघांची भाषा) येतो, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने, रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. कॉलसाइन, म्हणजे हॅमचं हवेतलं नाव, व्हीयू३ने सुरू झाली की तो रिस्ट्रिक्टेडवाला, व्हीयू२ असेल तर जनरलवाला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

म्हणजे सातवी-आठवीतली मुलं परीक्षेला बसू शकतात, आणि बसवाच, पण किट आणल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातून 'हॅलो हॅलो' होणार नाही. त्यामुळे पहिलं किट फक्त ऐकणारं घ्या. यात कमीपणा काही नाही, आम्ही सगळे ऐकूनच शिकलो.

आता त्या लिंकवाल्या स्वस्त किटबद्दल. त्यातलं सगळ्यात कॉमन म्हणजे पिक्सी. ७.०२३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन ट्रान्झिस्टर, एक ऑडिओ आयसी (चिप), आणि नऊ-बारा व्होल्टवर मोर्समध्ये चालतं. दिसायला खेळणं आहे पण तो ट्रान्समीटर आहे, अँटेना लावून मोर्सची की, म्हणजे बटण, दाबलं की सिग्नल बाहेर गेला, मग पॉवर अर्ध्या वॉटची का असेना. शिवाय ऐकायला फारच गरीब, संध्याकाळी शेजारच्या बँडवरची मोठी ब्रॉडकास्ट स्टेशनं त्यात घुसतात आणि मोर्सच्या मागे कुणाचं तरी गाणं चालू असतं. परवानाधारकाला टाइमपास म्हणून ठीक, वर्गासाठी नको. तसंच विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी हमखास दिसणारं 'एफएम ट्रान्समीटर किट'. त्याला बक्षीसही मिळतं आणि कुणी विचारत नाही की बाबांनो हे चालवायला परवानगी आहे का. तेही नको. आणि ऑनलाइन मिळणारे चायनीज वॉकीटॉकी तर अजिबातच नको, त्यांच्या विक्रीवर २०२५मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्सवाल्यांना नोटिसा काढल्यात, तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता.

मग पॉकेट रेडिओची टेस्ट

ही टेस्ट फुकट आहे आणि कुठल्याही कॅटलॉगपेक्षा जास्त सांगते. घरातला किंवा शिपाईमामांचा जुना रेडिओ घ्या, ज्यात मीडियम वेव्ह आहे असा, आणि दुपारी बारा-एकला, म्हणजे शाळेच्याच वेळेत, ज्या वर्गात प्रयोग करायचा त्याच वर्गात लावा. पुण्याजवळ असाल तर ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईत ५५८ किंवा १०४४, नागपूरकडे ५८५. रात्री लावून बघू नका. रात्री मीडियम वेव्ह आकाशातून परत येते, लांबलांबची स्टेशनं लागतात आणि आपल्याला वाटतं वा, काय रिसेप्शन आहे, दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं शांत. दिवसा फक्त जमिनीलगत येणारा सिग्नल भेटतो, तोच आपल्या कामाचा.

स्टेशन मोठं आणि स्वच्छ लागलं तर तुमच्यासाठी क्रिस्टल रेडिओ. लागलं पण बारीक, रेडिओ फिरवला की कमी-जास्त होतंय, तर एक आयसीवालं किट, दोन्ही पुढे येतात. अजिबात नाही लागलं तर मीडियम वेव्ह विसरा, सरळ खाली डोंगलच्या, म्हणजे लॅपटॉपला लावायच्या रिसीव्हरच्या, भागाकडे जा.

आता तसाच रेडिओ चालू ठेवून वर्गातल्या एलईडी ट्यूब एकेक करून बंद करा. खरंच करा. परवा एका शाळेत तीन ट्यूब बंद केल्या तरी घर्रर्र चालूच, चौथी बंद केली आणि आकाशवाणी एकदम समोर येऊन बसल्यासारखी. ती एक ट्यूब सगळ्या वर्गाचा आवाज खात होती. मोबाइलचे स्वस्त चार्जर, सीसीटीव्हीचा अडॅप्टर, डिजिटल बोर्ड, हे सगळे त्याच कुळातले. म्हणूनच मी सांगतो की वर्गातलं किट बॅटरीवर चालणारंच घ्या, अडॅप्टरवालं नको, एकतर मुलांच्या हाताशी २३० व्होल्ट नको आणि दुसरं हा घर्रर्र.

आता किट. सगळ्यात सोपं आधी

मोर्सचा बझर. ५५५ नंबरचा टायमर आयसी, १० के आणि १०० के असे दोन रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, छोटा स्पीकर, त्याच्या सिरीजमध्ये एक मोठा कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी. साधारण ६८० हर्ट्झचा टोन येतो, कानाला बरा. की म्हणून स्टीलच्या पट्टीचे दोन तुकडे किंवा कपड्यांचा चिमटा. हवेत काहीच जात नाही त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही, पहिल्याच तासात आवाज येतो, आणि ज्या मुलाला पुढे जनरलची परीक्षा द्यायचीय त्याचा सरावही इथेच सुरू होतो. हे तयार किट म्हणून विकत घेऊच नका, सुटे पार्ट आणा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, यादी दाखवली की दुकानदार दहा मिनिटांत पिशवी हातात देतो आणि किटच्या निम्म्या पैशांत काम होतं.

क्रिस्टल रेडिओ. याला बॅटरीसुद्धा नाही, आणि मुलांना नेमकं तेच पटत नाही, 'सर सेल कुठे घातलाय?' असं विचारत तो उलटासुलटा करून बघतात. कॉइल, गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर), जर्मेनियम डायोड, इअरफोन, लांब वायरची अँटेना आणि चांगली अर्थिंग, बास. पण एवढं साधं असल्यामुळेच एक पार्ट चुकला की सगळं मुकं.

माझी फजिती इथलीच. पहिल्यांदा एका शाळेसाठी दहा तयार किट मागवली, घरी एकही न उघडता तशीच वर्गात घेऊन गेलो. अडतीस मुलं, दोन तास, सगळ्यांनी जोडणी केली, आणि दहाच्या दहा रेडिओ गप्प. मुलं कानात इअरफोन घालून माझ्याकडे बघतायत, मुख्याध्यापक बाई दारात उभ्या. घरी येऊन तपासलं तर विकणाऱ्याने मोबाइलचे साधे इअरफोन टाकलेले, ३२ ओहमवाले. क्रिस्टल रेडिओला हाय इम्पिडन्सचा, पीझो प्रकारचा इअरफोन लागतो, ज्याला दुकानात क्रिस्टल इअरफोन म्हणतात. ओळखायची खूण सोपी, त्याच्या दोन वायरी दीड व्होल्टच्या सेलला नुसत्या टेकवा, कानात स्पष्ट टक् येतो, काढून मल्टिमीटर लावला तर रेझिस्टन्स इतका जास्त की मीटर आकडाच दाखवत नाही. मोबाइलवाल्यातही टक् येईल पण मीटर तीस-बत्तीस ओहम दाखवेल.

त्याच किटमध्ये अजून एक गंमत होती, डायोड. जर्मेनियमचा डायोड काचेचा असतो आणि सिलिकॉनचा ४१४८ही काचेचाच, दुकानदारही कधीकधी सरळ दुसरा देतो. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बघा, ०.२-०.३च्या आसपास आकडा आला तर जर्मेनियम, ०.६ आला तर परत करा. अशक्त सिग्नल सिलिकॉनचा उंबरठाच ओलांडत नाही, मग कानात काय येणार.

आणि तिसरी चूक मुलांची, जी प्रत्येक बॅचमध्ये होते. कॉइलची तांब्याची वायर दिसते उघडी पण तिच्यावर व्हार्निश असतं. ते टोकाला खरवडायचं असतं. पॉलिश पेपरने चिमटीत धरून तीन-चार वेळा ओढलं की लालसर-तपकिरी रंग जाऊन खालचं गुलाबी चकचकीत तांबं दिसतं, ते दिसल्याशिवाय सोल्डर करू नका. मुलं नुसतं वर कथील ठेवतात, जोड छान गोल दिसतो, करंट शून्य. ही वायर मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळते, शाळेसाठी म्हटलं की तो उरलेला तुकडा बरेचदा फुकटच देतो.

स्टेशन लांब असेल तर क्रिस्टलऐवजी टीए७६४२ नावाचा तीन पायांचा आयसी वापरणारं किट घ्या. दिसतो ट्रान्झिस्टरसारखा, चालतो दीड व्होल्टच्या एका सेलवर, फेराइट रॉडवर कॉइल असते त्यामुळे बाहेर वायर टांगावी लागत नाही. खेड्यातल्या शाळांना मी हेच सुचवतो.

हॅम कुठे ऐकायचे?

इतका वेळ आपण आकाशवाणी ऐकली, हॅम नाही. हॅमचा गजबजलेला बँड म्हणजे ४० मीटर (लहरीच्या लांबीवरून पडलेलं नाव), आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. सकाळी शाळा भरायच्या सुमारास इथे बरीच वर्दळ असते, राज्यातले, शेजारच्या राज्यांतले लोक एकमेकांना सिग्नल रिपोर्ट देत बसलेले असतात, भर दुपारी जरा मंदावतं. पण साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर हे लोक बदकासारखे क्वॅक क्वॅक ऐकू येतात कारण ते एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीने बोलतात, जी साध्या रेडिओला उलगडत नाही. त्यामुळे किट घेताना एकच शब्द शोधायचा, एसएसबी आहे का? नसेल तर कितीही बँड लिहिलेले असोत, हॅमसाठी ते बिनकामाचं.

इथलं वर्गाला झेपणारं, एसएसबी ऐकवणारं किट म्हणजे ४० मीटरचा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर. पार्ट कमी, सर्किट समजावून सांगता येतं, दोन लहरी मिसळून ऐकू येणारा आवाज कसा तयार होतो हे फळ्यावर काढून लगेच कानाने पटवता येतं. आठवी-नववीला दोन-तीन शनिवार लागतील. तोटा हा की बँडच्या अगदी वर ७.२पासून ब्रॉडकास्ट सुरू होतात आणि संध्याकाळी ते आत डोकावतात, शाळा दिवसाची असल्याने आपल्याला फारसा त्रास नाही.

दुसरा रस्ता डोंगल, आरटीएल-एसडीआर. पेनड्राइव्हएवढी वस्तू, लॅपटॉपला लावायची, स्क्रीनवर सगळा बँड धबधब्यासारखा वरून खाली सरकताना दिसतो. एवढीच गोष्ट मुलांना खिळवून ठेवते, रेडिओलहरी 'दिसतात' म्हणून. यात जोडायचं काही नसतं त्यामुळे काही शिक्षक नाक मुरडतात, मला ते पटत नाही, कारण अँटेना तर मुलांनीच करायची आहे आणि खरं शिक्षण तिथेच आहे. घेताना एवढं बघा, साधे डोंगल २४ मेगाहर्ट्झच्या खाली नीट ऐकत नाहीत, म्हणजे ४० मीटर गेलं. आरटीएल-एसडीआरच्याच व्हर्जन फोरमध्ये (व्ही४) खालच्या बँडची सोय आत बसवलेली आहे. नकली माल भरपूर आहे, अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून उडी मारू नका.

डोंगलवर अंतराळ स्थानकही ऐकता येतं, १४५.८ मेगाहर्ट्झ. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं, डोक्यावरून गेलं तरी जेमतेम दहा मिनिटं, आणि दर वेळी कुणी बोलतच असेल असं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर हिरमोड होतो. हवामान उपग्रहांचे फोटो उतरवायचे असतील तर एक धोक्याची सूचना, यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अमेरिकेच्या नोआ उपग्रहांचे आहेत आणि ते शेवटचे तीन २०२५मध्ये बंद केले गेले. तसला जुना व्हिडिओ बघून अख्खा वर्ग गच्चीवर नेलेत तर आकाशात काही नसणार. आता रशियाचे मेटिओर बघा, १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच, सॅटडम्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर चित्र काढून देतं.

यातलं काहीच विकत घ्यायच्या आधी नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडून मुलांना दाखवा. घरबसल्या खरा रिसीव्हर फिरवता येतो, खर्च शून्य. पोरांना रस आहे का हे त्यात कळतं, आणि नसेल तर तुमचे पैसे वाचले.

अँटेनाचे पैसे वेगळे काढा

किटचं बजेट सांगताना सगळे अँटेना विसरतात. माझा हिशोब असा, शंभरातले तीस रुपये वायर, केबल, दोरी आणि बांबूसाठी. चाळीस मीटरचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची वायर, करायचा तर १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे १४३ ÷ ७.१ = साधारण २० मीटर, दोन्ही बाजूंना दहा-दहा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी घरगुती वायर चालते. शाळेच्या पटांगणावर ध्वजस्तंभ सोडून दोन उंच जागा बघा, गच्चीच्या कठड्यापासून आंब्यापर्यंत चालेल. विजेच्या तारांच्या जवळून, वरून, खालून, कुठूनही नाही. हेच सूत्र १४५.८ला लावलं की जवळपास एक मीटर येतं, प्रत्येक बाजू ४९ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटपट्ट्यांपेक्षा कमीच, आणि मेटिओरसाठी प्रत्येक बाजू ५३ सेंटिमीटर, दोन्हींत १२० अंशांचा कोन. भूमितीच्या बाईंना बोलवा, कोनमापक घेऊन मुलं जे करतात ते बघण्यासारखं असतं. केबल म्हणून डिशवाल्याची आरजी-६ ऐकण्यासाठी अगदी पुरते.

वर्गात जोडणी

किट निवडताना पार्ट कसे आहेत बघा. ज्यांचे पाय बोर्डाच्या भोकातून आरपार जातात तसे हवेत. एसएमडी, म्हणजे तिळाएवढे पार्ट, मुलांसाठी नको, एक शिंक आली की पाच रुपयांचा पार्ट फरशीवर गायब. सर्किट डायग्राम नसलेलं किट घेऊ नका, नुसतं 'भाग अ इथे लावा' असेल तर मुलं कोडं सोडवतात, रेडिओ शिकत नाहीत. चार मुलांत एक किट, त्याहून जास्त झाले की दोघं नुसती बघत बसतात. दहा किट लागणार असतील तर बारा घ्या. आणि एक स्वतः घरी पूर्ण जोडून, वाजवून बघा, मगच बाकीची मागवा. वरची फजिती वाचलीतच.

सोल्डर गन २५ वॉटची, स्टँडसकट, एका गटाला एक. आठ गन म्हणजे २०० वॉट, एका बोर्डावर आरामात चालतं. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर गन, मल्टिमीटर सगळं तिथे बहुतेक असतंच, पुन्हा घेऊ नका, चावी कुणाकडे आहे एवढं शोधा (हेच सगळ्यात अवघड). कथिलात शिसं असतं म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही हा नियम कडक ठेवा, खिडक्या उघड्या, पार्टचे पाय कापताना तुकडा उडतो म्हणून डोळ्यांवर चष्मा.

बोलायचंच असेल तर

एखाद्या शिक्षकाने तरी परवाना काढा. शाळेच्या नावानेही स्टेशनचा परवाना मिळतो, पण चालवणारा पास झालेला माणूस हवा. तोवर जवळचा एखादा हॅम शोधून त्याला त्याच्या सेटसकट शाळेत बोलवा, आम्हा लोकांना कुणी बोलवलं की आम्ही निघतोच, चहासुद्धा विचारू नका. माहितीसाठी हैदराबादची एनआयएआर (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ) ही संस्था १९८३पासून हेच काम करतेय.

परवाना हातात आला की मग बिटएक्सच्या घराण्यातलं किट बघा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, हे डिझाइन गल्लीतल्या दुकानात मिळणाऱ्या पार्टमधून केलं, टोरॉइड (कॉइल गुंडाळायची रिंग) मिळत नाही तर नळाच्या वायसरवर कॉइल गुंडाळा इथपर्यंत. पुढे त्याचंच बिटएक्स४० आणि मायक्रोबिटएक्स झालं. पाच-दहा वॉट, १२ व्होल्ट, खरं बोलणारं मशीन. पण हे दहावीनंतरच्या मुलांना, किंवा ज्यांनी आधीचे दोन रेडिओ वाजवलेत त्यांना.

बॅटरी यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची चालते, फक्त फ्यूज घाला, आणि मे महिन्याच्या सुट्टीला जायच्या आधी फुल चार्ज करून वायर काढून ठेवा, नाहीतर जूनमध्ये ती फुगलेली सापडते. वळवाचे ढग दिसले की अँटेनाची केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाकायची, ढग यायच्या आधी, गडगडाट ऐकू आल्यावर नाही. हे काम एका मुलाला नेमून द्या, मॉनिटरसारखं.